सपोर्टला शिव्या घालणाऱ्यांनो, जरा थांबा

आज दुपारी भाचा डोटा खेळत होता, पाच विरुद्ध पाच असा तो ऑनलाइन खेळ. मी शेजारी जेवत होतो. बेचाळिसाव्या मिनिटाला डाव गेला आणि साहेब हेडफोनमध्ये ओरडले, "ए नूब, अनइन्स्टॉल कर!" ज्याच्यावर ओरडले तो त्याच्याच संघातला बिचारा सपोर्ट, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारा खेळाडू. ११ वेळा मेला होता, स्कोअरबोर्डवर तेवढंच दिसत होतं. माझा घास घशातच अडकला.

अरे, डाव मी पाहिला होता ना! रोशन नावाच्या राक्षसापाशी चौघं लढत होते तेव्हा हा भाचा, संघाचा कॅरी म्हणजे मुख्य लढवय्या, खालच्या लेनमध्ये एकटाच क्रीप, म्हणजे सोनं देणारे छोटे सैनिक, मारत बसलेला. सगळं सोनं नुकतंच एका महागड्या आयटमवर उडवलेलं, त्यामुळे मेल्यावर बायबॅकला, म्हणजे लगेच जिवंत व्हायलाही पैसे नाहीत. समोरच्यांनी एजिस, म्हणजे रोशनला मारून मिळणारा जादा जीव, घेतलं आणि सरळ एन्शंटवर आले, जी इमारत पडली की डाव संपतो. आणि खापर कुणावर? नकाशावर उजेड पाडणारा वॉर्ड लावायला गेलेल्या पोरावर!

मला आमच्या संघातला पाचवा, आमचा सपोर्ट, आठवला. २०१८ ची दिवाळीची सुट्टी, सिडकोतला सायबर कॅफे, गल्लीतल्या पोरांची स्पर्धा. फायनलला आम्ही हरत आलो होतो. हा पठ्ठ्या कुणाला न सांगता रोशनच्या वरच्या टेकडीवर वॉर्ड लावायला गेला. लावला आणि तिथेच मेला. आम्ही चौघांनी मिळून त्याला काय काय ऐकवलं! सगळ्यात जास्त मी. कॅरी होतो ना.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच जणांत सोनं सारखं वाटलं जात नाही. एक नंबरवाल्याला, म्हणजे कॅरीला, सगळ्यात जास्त; पाच नंबरवाल्याला, म्हणजे सपोर्टला, उरलंसुरलं. तो फाटक्या बुटांत हिंडतो म्हणून कॅरीच्या अंगावर दागिने चढतात. नकाशावर अंधार असतो, उजेड वॉर्डचा, आणि तोही सहाच मिनिटं टिकतो. म्हणून त्याला पुन्हा जावं लागतं, पुन्हा मरावं लागतं.

हो, काही सपोर्ट खरंच झोपा काढतात. मान्य. पण आजचा तो नव्हता.

२०१८ ला व्हँकुव्हरला ओजी नावाच्या संघाने द इंटरनॅशनल, म्हणजे डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. स्पर्धेच्या थोडंच आधी दोन खेळाडू सोडून गेलेले, कोचलाच खेळायला बसावं लागलं, ओपन क्वालिफायरमधून, म्हणजे खुल्या पात्रता फेरीतून, वर आले होते. त्यांचा कर्णधार नोटेल कुठे खेळायचा? पाच नंबरवर! पुढच्या वर्षी शांघायला पुन्हा जिंकले. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स स्पर्धेत आपल्या पोरांनी डोटात कांस्य आणलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर कोण नाचलं? हेच भाचे लोक. त्या संघातही कुणीतरी वॉर्ड लावतच होतं ना!

तर आमच्या फायनलचं सांगायचं राहिलं. तो मेला, आणि दोन मिनिटांनी त्याच वॉर्डमध्ये समोरचे पाचही जण रोशनच्या खड्ड्यात शिरताना दिसले. आम्ही तोंडावरच गाठले. एजिस आमचं, डावही आमचा. त्याचा स्कोअर १ किल, १३ मरणं.

हे लिहिता लिहिता तो जुना फोटो काढून पाहिला. कॅफेच्या दारात बक्षिसाचं पाकीट धरून आम्ही चौघं. आठवेना, हा कुठे गेला होता? मग लक्षात आलं, फोटो तोच काढत होता. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातही आलं नाही. भाच्यावर चिडायला बसलो होतो, आता त्याच्यावर राग धरवत नाही.

सॉरी तर मी त्याला कधीच म्हटलं नाही. जिंकलो म्हणजे मिटलं, असं धरून चाललो.

तो आता सातपूरला कंपनीत आहे. मघाशी फोन केला, सेकंड शिफ्टला होता, मागे मशिनचा आवाज. म्हटलं, उद्या सकाळी मिसळ खायला ये, भाच्यालाही आणतो. म्हणाला, "येतो की. काय विशेष?"

फोनवर काही सांगितलं नाही. उद्या समोर बसून सांगतो.