‘आकडे तसेच राहू द्या’ हा सल्ला का मानू नये

ठाणे आणि नवी मुंबईत डीटीपीची, प्रकाशनाची, कॉलेजांच्या नोट्सची कामं करणाऱ्या आम्हा मंडळींच्या मोबाइलवर गेले काही महिने एक सल्ला पुन्हा पुन्हा येतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘छापील पुस्तक वेबवर चढवताना आतल्या संदर्भांवर वेळ घालवू नका. “आकृती ३.२ पाहा” हे वाक्यात आहेच, आकडा तसाच राहू द्या. दुवे हवेच असतील तर फाइलीचं वेबपान करणारा कन्व्हर्टर आपोआप बनवतो. वेबवर पानं नसतात, तेव्हा “पृष्ठ ४७ पाहा” सरळ काढून टाका. सगळं पुस्तक एकाच लांब पानावर टाका, वाचक शोधून घेतो. राहिलंच काही तर नंतर हाताने जोडता येतं.’

मी ठाण्यातल्या नौपाड्यात गेली बावीस वर्षं पानं लावते आहे, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं हीच पानं वेबसाठी उलगडते आहे. चार पानांचं परिपत्रक असेल तर हा सल्ला खुशाल माना. पण पाठ्यपुस्तक, प्रबंध, स्थानिक इतिहास, तांत्रिक अहवाल यांच्या बाबतीत यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि नुकसान वाचकाचं होतं.

‘आकडा वाक्यात आहेच’ यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका यातूनच निघतात. आकडा आहे, पण संदर्भ म्हणजे आकडा नव्हे. लेखक ‘आकृती ३.२’ म्हणतो तेव्हा त्याला विहिरीचा तो विशिष्ट उभा छेद दाखवायचा असतो. ३.२ हा त्या छेदाला त्या आवृत्तीत मिळालेला क्रमांक. आधी एक चित्र वाढलं की तो ३.३ होणार. लेटेक या पानं लावायच्या प्रणालीत हे अगदी स्वच्छ दिसतं. चित्रापाशी एक लेबल लावलेलं असतं, वाक्यात त्या लेबलचं नाव घेऊन ‘रेफ’ ही आज्ञा दिलेली असते, आणि आकडा कुठेच टाइप केलेला नसतो. पहिल्या फेरीत लेटेक सगळे क्रमांक ऑक्स नावाच्या जोड-फाइलीत नोंदवतं, दुसऱ्या फेरीत ते वाचून जागेवर बसवतं. म्हणून एकच फेरी चालवली की आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं उमटतात. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स घातला तर आत एक फील्ड बसतं. सगळं निवडून एफ-नाइन दाबलं की ते ताजं होतं, आणि ज्याच्याकडे बोट होतं ते उडालं असेल तर ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ अशी ठळक बोंब मारतं. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये ही सोय २००८च्या सीएस-फोरपासून आहे.

या सगळ्यांची पीडीएफ झाली, आणि दुवे मुद्दाम राखलेले नसले, की कागदावर उरतं ते फक्त तीन, टिंब आणि दोन. नातं मूळ फाइलीतच राहिलं. तेव्हा पीडीएफवरून वेबपान करायला घेण्याआधी ग्राहकाकडे मूळ फाइल मागा. ‘पीडीएफ दिलीय ना, तीच घ्या’ असं म्हटलं तरी पुन्हा मागा. माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा ती कुणाच्या तरी जुन्या संगणकावर सापडते.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे, तीही सांगायला हवी. पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरांत लावलेल्या जुन्या मराठी पुस्तकांत संदर्भ हाताने टाइप केलेले असतात, म्हणजे मूळ फाइल मिळाली तरी त्यात नातं नसतं. तिथं ते नव्याने बांधावं लागतं. मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर मी ‘पाहा’, ‘पृ.’, ‘आकृती’, ‘तक्ता’, ‘परिशिष्ट’ असे शब्द शोधून यादी काढते. त्याहून कठीण असतात ते आकडा नसलेले संदर्भ: ‘वरील तक्ता’, ‘खालील नकाशात’, ‘मागे सांगितल्याप्रमाणे’, ‘समोरच्या पानावरील छायाचित्र’. मोबाइलवर समोरचं पान असतं कुठे? छापताना जागेसाठी चित्र पुढच्या पानावर ढकललेलं असतं, वेबवर ते भलतीकडे येतं आणि ‘वरील’ची ‘खालील’ होते. या सल्ल्याप्रमाणे आकडे तसेच ठेवले तरी हे शब्द खोटे पडतातच. मी लेखकाला विचारून ‘वरील तक्ता’च्या जागी ‘तक्ता ५’ लिहिते आणि त्याला दुवा देते.

दुवा देताना एक मराठी बाब. ‘तक्ता ५मध्ये’ याचा दुवा ‘तक्ता ५’ एवढ्यावरच ठेवावा, ‘मध्ये’ बाहेर. नुसत्या ‘५’वर तर कधीच ठेवू नये. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणारे पुष्कळ जण पानावरच्या दुव्यांची यादी वेगळी ऐकतात, आणि त्यांना ‘पाच, सात, तीन, पाच’ एवढंच ऐकू येतं. शिवाय ‘तक्ता’ हा शब्द कोणत्याही साधनाकडून आपोआप भरून घेतला तर ‘तक्त्यात’, ‘तक्त्यावरून’ ही रूपं त्याला येत नाहीत. वाक्य माणसाने लिहावं, क्रमांक यंत्राने भरावा.

‘कन्व्हर्टर आपोआप बनवतो’ हे अर्धं खरं आहे. चांगली साधनं आहेत. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एतान गुरारी यांनी लिहिलेलं टेक-फोर-एचटी लेटेकच्या मुळाशी असलेल्या खऱ्या टेककडूनच पानं लावून घेतं, त्यामुळे क्रमांक छापील प्रतीशी जुळतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेत ब्रूस मिलर यांनी केलेलं लेटेक-एमएल गणिती फलनांच्या डिजिटल ग्रंथालयासाठी घडलं. ते ग्रंथालय २०१० साली खुलं झालं, त्याच वर्षी त्याचा छापील ग्रंथही आला, आणि समीकरणाचा क्रमांक दोन्हीकडे एकच राहिला. प्रत्येक समीकरणाला स्वतःचा कायमचा पत्ता आहे. तिथं मुळातच लेबलं शिस्तीत लावली होती, म्हणून हे जमलं. तेच लेटेक-एमएल अर्काइव्ह या शोधनिबंध खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२३पासून नव्या शोधनिबंधांच्या एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, प्रतींसाठी घेतलं, पण पीडीएफ बाजूला ठेवलीच, आणि एचटीएमएलमधली चूक कळवायची सोयही वाचकाला दिली. ज्यांच्याकडे हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालतं, तेही ‘आपोआप’वर विसंबून नाहीत.

आता रोज दिसणाऱ्या चुका. पॅनडॉक या कन्व्हर्टरने लेटेकवरून एचटीएमएल केलं की समीकरणाच्या उल्लेखाजागी बऱ्याचदा चौकटी कंसात लेबलचं नावच छापलं जातं. वेबवर समीकरणं दाखवणाऱ्या मॅथजॅक्सला क्रमांक घालायला सांगितलं तर ते प्रत्येक वेबपानावर एकपासून मोजायला लागतं. पुस्तकाची प्रकरणं वेगवेगळ्या पानांवर टाकली की छापील (३.७) वेबवर (७) होतं, आणि दुसऱ्या प्रकरणातल्या समीकरणाचा उल्लेख आला तर तीन प्रश्नचिन्हं, कारण ते समीकरण या पानावर त्याला दिसतच नाही. यावर उपाय एकच: छापील क्रमांक प्रत्येक समीकरणाला ‘टॅग’ म्हणून स्पष्ट द्यायचा आणि पानापलीकडचे दुवे आपण लिहायचे.

काही वेळा साधन बरोबर असतं आणि मूळ चुकलेलं असतं. लेटेकमध्ये चित्राचं लेबल मथळ्याच्या, म्हणजे कॅप्शनच्या, आधी लिहिलं तर त्याला चित्राचा नव्हे, चालू विभागाचा क्रमांक मिळतो. ‘आकृती ४.१’ छापलेलं असतं, चित्र मात्र ४.३ असतं. कन्व्हर्टर ही चूक इमानेइतबारे वेबवर नेतो. दुसरं, बरीच साधनं चित्राची खूण, म्हणजे दुवा जिथं उतरतो ती जागा, मथळ्यावर ठेवतात. दुवा दाबला की पडद्याच्या वरच्या कडेला मथळा येतो आणि चित्र त्याच्याही वर, दृष्टीआड. खूण पूर्ण चित्राच्या चौकटीला द्यावी, आणि साइटची पट्टी वर चिकटलेली असेल तर पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये तेवढं वरचं अंतर राखावं.

पानांबद्दलच्या सल्ल्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. ‘वेबवर पानं नसतात’ हे खरं, पण पुस्तकाची पानं वेबवर गेल्याने पुसली जात नाहीत, कारण बाहेरचं जग त्या पानांकडे बोट दाखवत असतं. आपल्या ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर घ्या. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड १८८२ साली दोन भागांत निघाला, आणि ठिकाणांची माहिती देणारा चौदावा खंडही त्याच साली. तेव्हापासून साष्टी, वसई, कल्याण यांवर लिहिणाऱ्यांनी या खंडांचा हवाला खंड आणि पृष्ठ सांगूनच दिला आहे. असा ग्रंथ वेबवर आणताना पृष्ठक्रमांक उडवले, तर जवळजवळ दीडशे वर्षांत साचलेले सगळे हवाले एका झटक्यात अधांतरी होतात. १८९३पासून चालू असलेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून एखादी विद्यार्थिनी जुन्या लेखातली तळटीप वाचते, पृष्ठ टिपून घेते आणि घरी येऊन वेबप्रत उघडते. तिला तो परिच्छेद सापडायला हवा की नको?

काम अवघडही नाही. छापील पान जिथं सुरू होतं, मग ते वाक्याच्या मधोमध का असेना, तिथं पानाच्या क्रमांकाचा आयडी, म्हणजे खुणेचं नाव, असलेली छोटी खूण ठेवायची. ई-पब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात यासाठी पेज-लिस्टची, म्हणजे छापील पानांच्या यादीची, रीतसर तरतूद आहे, आणि वेबच्या सुगम्यतेच्या शब्दसंग्रहात पानबदलासाठी स्वतंत्र भूमिका आहे. वर्गात बाई ‘पान ४७ उघडा’ म्हणतात तेव्हा स्क्रीन रीडर वापरणारा मुलगा इतरांबरोबर त्याच जागी पोचतो, तो या खुणेमुळे. मग आतला ‘पृष्ठ ४७ पाहा’ही काढावा लागत नाही. मी तो ‘मिठागरांवरचा भाग पाहा (छापील पृष्ठ ४७)’ असा करते, आणि दुवा पानाच्या माथ्यावर न नेता नेमक्या त्या परिच्छेदावर नेते. लेखकाला पूर्ण पान अभिप्रेत नसतं, त्या पानावरची एखादी गोष्ट असते. ती कोणती हे पान वाचूनच कळतं, तेव्हा इथं वेळ जातो. जाऊ द्यावा.

‘वाचक शोधून घेतो.’ ‘३.१’ शोधून बघा: ३.१०, ३.११, १३.१ आणि ३.१चे सगळे उल्लेख, आणि या गर्दीत कुठेतरी खरं चित्र. शब्द शोधायचा तर मराठीत आणखी पेच. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाचाही असतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांचाही. जुन्या सवयीने काही जण तो र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह घालूनही लिहितात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. दुव्यांच्या पत्त्यात तर हा फरक थेट मारक ठरतो, कारण ब्राउझर खुणेचं नाव चिन्हाला चिन्ह जुळवून पाहतो. दुव्यात एक ‘ऱ’ आणि खुणेत दुसरा असला की दुवा मेला, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. शीर्षकावरून आपोआप आयडी बनवणारी काही साधनं देवनागरी अक्षरं सरळ गाळतात. जी गाळत नाहीत त्यांचा पत्ता कॉपी केला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ हाती येते. ‘ठाणे’ या चार चिन्हांच्या शब्दाची तिथं छत्तीस अक्षरं होतात. म्हणून आयडी रोमन लिपीत, छोटे, आणि मूळ लेबलवरूनच घ्यावेत. शीर्षक उद्या सुधारलं तरी ते बदलत नाहीत.

एकाच लांब पानाचा उपाय मी स्वतः केला आहे आणि त्याने मला चांगलाच धडा शिकवला. नवी मुंबईतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचं नऊ प्रकरणांचं पुस्तक होतं. प्रत्येक प्रकरणात तळटिपा एकपासून सुरू होत होत्या. मी नऊ फाइली जोडून एक पान केलं, आणि पहिल्या टीपेचा आयडी नऊ ठिकाणी तोच झाला. एकच आयडी अनेक जागी असला की ब्राउझर पहिल्या जागी नेतो. सातव्या प्रकरणातला वाचक टीप बघायला दाबायचा आणि पहिल्या प्रकरणाच्या टीपेवर पोचायचा. टीप उघडत होती, वाचता येत होती, फक्त चुकीची होती. सरांनीच दोन आठवड्यांनी फोन करून सांगितलं, ‘ताई, माझ्या पुस्तकात मी न लिहिलेली विधानं दिसताहेत.’ त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चुकीच्या टीपेवर नेणारा दुवा वाक्याचा अर्थ बदलतो. आता प्रत्येक आयडीच्या पुढे मी प्रकरणाचा क्रमांक जोडते, टीपेवरून परत येण्याचा दुवाही तसाच करते, आणि एक टीप तीनदा वापरली असेल तर परतीचे दुवेही तीन देते.

आणि म्हणूनच ‘नंतर हाताने जोडू’ हे मला पटत नाही. कागदावर तुटलेला संदर्भ दिसतो. लेटेक प्रश्नचिन्हं दाखवतं, वर्ड ओरडतो. ब्राउझर मात्र गप्प बसतो. खूण नसेल तर तो वाचक होता तिथेच ठेवतो किंवा नव्या पानाच्या माथ्यावर सोडतो, कुठलीही सूचना न देता. जे दिसत नाही ते नंतर जोडायचं कुणी आणि कसं? शेकडो दुवे डोळ्यांनी तपासून होत नाहीत. मी वेबप्रत प्रत्येक वेळी तयार केली की एक छोटी स्क्रिप्ट तीन गोष्टी बघते: प्रत्येक दुव्याची खूण सापडते का, एकही आयडी दोनदा आलेला नाही ना, आणि प्रत्येक ‘ऱ’ एकाच पद्धतीने लिहिलाय ना. तिन्ही जुळल्याशिवाय फाइल ग्राहकाकडे जात नाही. चौथी तपासणी माझीच असते: दर प्रकरणातले पाच दुवे मोबाइलवर दाबून, छापील पुस्तक शेजारी उघडं ठेवून, मी योग्य जागी पोचले का ते बघते. गेल्याच आठवड्यात अशा दाबण्यात एक दुवा सापडला, जो स्क्रिप्टच्या दृष्टीने पूर्ण बरोबर होता. तो ‘परिशिष्ट २’कडे नेत होता. लेखकाला मात्र ‘परिशिष्ट ३’ म्हणायचं होतं, आणि छापील पुस्तकाच्या दोन्ही आवृत्त्यांत ती चूक तशीच राहिली होती.