डिझेल गाडी घेताय? आधी बुटीबोरीत सोयरीक करा

सात सीटर घ्यायचं घरात ठरलं म्हणे. अभिनंदन! अनुभवाचे चार बोल घ्या, फुकट आहेत.

शोरूममध्ये फक्त सनरूफ बघा. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर गेला की छतातून ऊन आत घेण्यासारखं सुख नाही.

रोजचं रनिंग मनीषनगर ते धंतोली, पोरांची शाळा आणि परत? मग डिझेलच घ्या. विकणारा रनिंग विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका. कशाला त्याचं टार्गेट बिघडवता?

थोड्याच दिवसांत मीटरवर पिवळा दिवा लागेल. तो डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले आणि धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर डिझेल गाड्यांच्या गळ्यात पडला. अडकलेली काजळी जळायला आतला धूर 600 अंशांच्या आसपास तापावा लागतो. त्यासाठी गाडी 15-20 मिनिटं एका दमात पळायला हवी. पंचशील चौकाच्या सिग्नलला ते जमत नाही. म्हणून फिल्टरला हवापालट करवा! रविवारी कुटुंब गाडीत भरा आणि वर्धा रोडने नागपूरबाहेरची बुटीबोरी गाठा. परवा आम्ही निघालो तर मागून आई विचारते, "काहून चाललो बाप्पा आपण बुटीबोरीले?" काय सांगू? काजळी जाळायला! चिंचभवनला जाम लागला, दिवा जागच्या जागी. सोमवारी वर्कशॉप. ॲडव्हायझर टॅबवर बोट फिरवत म्हणतो, "सर, तुमचा युसेज पॅटर्न चुकीचा आहे. वॉरंटीत नाही बसत." युसेज पॅटर्न! पोरांना शाळेत सोडणं हा गुन्हा झाला का? शाळा उचलून बुटीबोरीला नेऊ? वरून काजळी अर्धवट जळत राहिली की इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि वास पेट्रोलपंपासारखा. ते बदलायचे पैसे कोणाचे? माझेच!

जॉबकार्डवर न वाचता सही ठोका.

एक्स्टेंडेड वॉरंटी जरूर घ्या. कागद छान जाड असतो.

फीडबॅकचा फोन आला की दहापैकी दहा द्या, गरिबाचा इन्सेंटिव्ह असतो.

ग्राहक आयोगात जायची घाई नको. तक्रारीला कायद्याने दोन वर्षं मिळतात. "पार्ट वरून यायचाय सर" ऐकता ऐकता ती आरामात सरतात.

बास झाली गंमत. अरे, माणूस हप्ते भरून गाडी घेतो ती घरच्यांना वेळेवर पोचवायला. छोट्या फेऱ्यांनी फिल्टर चोंदतो हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात छापता, मग बुकिंगची रक्कम घेताना तोंडाला काय होतं? शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला सरळ सांगा ना, बाबा, पेट्रोल घे!

आणि तुम्ही, "आपली मक्खन चालते" म्हणून स्टेटस टाकणारे! दिवा तुमच्याही गाडीत लागतो. शान जाऊ नये म्हणून लपवता, आणि तुमचं ऐकून साडू तीच गाडी बुक करून येतो. विचारलं तर खरं सांगायला पैसे पडतात का?