फिल्टरने अडवला म्हणून फोटो अश्लील ठरत नाही

गोव्यातल्या माशेलचा चिखलात लोळण्याचा उत्सव म्हणजे चिखलकाला, शिरगावच्या जत्रेतलं निखाऱ्यांवरून चालण्याचं होमकुंड, दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुराचा पुतळा. असे फोटो एआय एडिटिंग टूलमध्ये टाकले की त्यातल्या आपोआप तपासणीकडून, म्हणजे फिल्टरकडून, अनेकदा 'नियमभंग' असा शेरा येतो. त्यावरून फोटोग्राफर आणि उत्सव समित्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "एआयने नाकारलं म्हणजे फोटोतच खोट आहे. फिल्टर जितका कडक तितकं बरं. तरीही हवंच असेल तर शब्द बदलून पुन्हा पुन्हा टाका, नाहीतर पैसे भरून प्लॅन घ्या." यातलं एकही वाक्य टिकत नाही.

"फोटोतच खोट आहे."
आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात लोक चिखलात का लोळतात, हे फिल्टरला माहीत नसतं. चित्र आक्षेपार्ह असण्याची शक्यता किती, याचा तो फक्त एक आकडा काढतो आणि ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो. बहुतेक कंपन्या आतली रचना उघड करत नाहीत, पण स्टेबल डिफ्यूजन या चित्र बनवणाऱ्या खुल्या एआयसोबत येणारी तपासणी सर्वांना पाहता येते. तयार झालेलं चित्र २२४ बाय २२४ पिक्सेलवर आणलं जातं, ते नको असलेल्या आशयाच्या १७ संकल्पनांशी किती जुळतं ते मोजलं जातं, आणि एकीनेही मर्यादा ओलांडली की काळा चौकोन हातात येतो.

६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो एवढा लहान होतो तेव्हा मूळचे सुमारे ३२० पिक्सेल एकात मिसळतात. चिखलाने माखलेली चड्डी आणि चिखलाने माखलेली मांडी यांच्यामधली कड तिथे पुसली जाते. उरतात एकाच तपकिरी रंगाची, ओली चकाकणारी, एकमेकांना बिलगलेली अंगं. त्यात लहान मूल असल्याचा अंदाज आला तर मर्यादा आणखी खाली येते. मुलांच्या बाबतीत ही कडक नजर हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या आकड्यावरून गावच्या उत्सवाला आक्षेपार्ह म्हणणं चूक आहे.

दुसरा पुरावा फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलमध्येच, म्हणजे निवडलेली जागा एआयकडून नव्याने भरून घेण्याच्या सोयीत, दिसतो. एका वेळी सहसा तीन पर्याय तयार होतात, आणि कधी त्यातला एखादाच काढून टाकल्याचा संदेश येतो. दोष मूळ फोटोत असता तर बाकीचे दोन कसे सुटले?

"फिल्टर जितका कडक तितकं बरं."
२०२२ मध्ये संशोधकांनी वरच्या १७ संकल्पना उलगडून पाहिल्या. सगळ्या लैंगिक आशयाच्या निघाल्या. रक्तपात आणि हिंसा त्यांत नव्हतीच. म्हणजे एकीकडे कडक, दुसरीकडे आंधळा. शिवाय हिशोब करून बघा. समजा १०,००० फोटोंत १० खरोखर वाईट आहेत आणि फिल्टर निर्दोष फोटोंपैकी फक्त १ टक्का चुकून अडवतो. ते दहाही पकडले तरी अडवलेल्या ११० पैकी जवळपास १०० निर्दोष असतील. खऱ्या माणसांचे बनावट नग्न फोटो रोखायला फिल्टर लागतोच, पण नकार म्हणजे निकाल नव्हे.

"शब्द बदलून पुन्हा पुन्हा टाका."
हा सल्ला सगळ्यांत घातक. वारंवार नकार आले तर खातं अडचणीत येऊ शकतं, आणि शब्द बदलून चित्रावरची तपासणी चुकत नाही. मुळात काम असतं केवढं? मागची विजेची तार किंवा चिखलातली प्लास्टिकची बाटली काढायची. त्यासाठी अख्खा फोटो, तोही उघड्या अंगाच्या मुलांचा, परक्या सर्व्हरवर पाठवायचाच कशाला?

तार काढायला फोटोशॉपमध्ये फोटोवर नवीन रिकामा लेयर (थर) घ्या. एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन स्टँपचं सॅम्पल 'करंट अँड बिलो'वर ठेवा, ब्रश तारेच्या दीडपट रुंद, आणि नमुना तारेच्या अगदी लगतच्या आकाशातून. तार खांद्यावरून जात असेल तर तेवढा तुकडा वेगळा करा आणि नमुना त्याच खांद्याचा घ्या. आकाशाचा घेतला तर कड विरघळते. चिखलात एकाच जागेचा नमुना वापरला की तोच डाग रांगेने उमटतो, म्हणून दर दोन-तीन फटक्यांनी जागा बदला. बाटलीला कंटेंट-अवेअर फिल, म्हणजे आजूबाजूच्या भागावरून निवडलेली जागा भरणारं साधन, पुरतं. २०१० पासून ते फोटोशॉपमध्ये आहे, आपल्याच संगणकावर चालतं आणि त्याला फिल्टर नाही. फोटोशॉप नसेल तर गिंपमधली क्लोन आणि हील ही साधनं फुकट आहेत.

जनरेटिव्ह फिलच हवं असेल तर बाटलीभोवतीचा, माणूस न येणारा, हजारेक पिक्सेलचा चौकोन कापून नवीन फाइल करा. वर्णनाचा रकाना कोराच ठेवा. झालेला तुकडा मूळ जागी आणून त्याला मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) लावा आणि मास्कची कड दोन-तीन पिक्सेल मऊ करा. बाटली काढायला तेवढीच जागा लागते, म्हणून तेवढीच पाठवायची.

"पैसे भरून प्लॅन घ्या."
संगणकावरचं फोटोशॉप लोक पैसे भरूनच वापरतात, आणि वर सांगितलेले जनरेटिव्ह फिलचे नकार तिथलेच आहेत.

पैसे भरणाऱ्याने मागायचं ते वेगळं: नकार नेमका कुठे आला (लिहिलेल्या सूचनेवर, पाठवलेल्या फोटोवर की तयार झालेल्या चित्रावर), कोणत्या प्रकारात आला, आणि माणसाकडून फेरतपासणी कुठे मागायची. टूलमधून तक्रार पाठवताना हे तीन प्रश्न लिहा, कोणता भाग निवडला होता आणि काय काढायचं होतं ते एका ओळीत सांगा, आणि मुलांचे चेहरे असलेला मूळ फोटो जोडू नका.