डाळ, दही आणि संत्री सोडल्याने गुडघे बरे होत नाहीत

नागपुरातल्या घरगुती व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सांधेदुखी म्हणजे युरिक अॅसिड. डाळी, दही, टोमॅटो, वांगी आणि संत्र्यासकट सगळं आंबट बंद करा. रोज हळदीचं दूध प्या, जवस खा, ग्लुकोसामाइनची कॅप्सूल घ्या आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडा. २१ दिवसांत गुडघे बरे. यातली एखादी गोष्ट अर्धी खरी आहे, बरीच चूक आहे आणि गोळ्या सोडण्याचा सल्ला घातक आहे.

"सांधेदुखी म्हणजे युरिक अॅसिड." साठीनंतर जिना उतरताना गुडघा दुखतो, ती बहुतेकदा झीज असते. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहतात आणि सांधे सुजतात, तो आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होतो, चादरही सहन होत नाही, तेव्हा गाऊटचा संशय घ्यायचा, आणि युरिक अॅसिडचा थेट संबंध याच आजाराशी आहे. रिपोर्टमध्ये आकडा थोडा वाढलेला असूनही कित्येकांना गाऊट कधीच होत नाही.

विदर्भात आणखी दोन कारणं डोक्यात ठेवायलाच हवीत. तरुण मुलाचा खुबा दुखत असेल, तो लंगडत असेल, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची सोल्युबिलिटी चाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड मरतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड सापडतं. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन पाठ आणि सांधे ताठरतात. तिथे आधी पाणी बदलावं लागतं.

"डाळी आणि दही बंद करा." मेसेजमधलं सर्वांत जास्त नुकसान करणारं पथ्य हेच. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला. प्युरीन (ज्यापासून शरीरात युरिक अॅसिड बनतं) जास्त असलेल्या भाज्या-कडधान्यांमुळे वाढ दिसली नाही आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही घेणाऱ्यांत तो कमी होता. म्हणजे मेसेज नेमकं उलटं सांगतो.

शिवाय डाळ गेली की शाकाहारी घरातली प्रथिनंच जातात. ६० किलो वजनाच्या माणसाला रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून सहा-सात ग्रॅम मिळतात. ती तुटली की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो. गुडघ्याला आधार देणारा हाच स्नायू, त्यामुळे "पथ्य" पाळूनही गुडघा जास्त दुखू लागतो. दोन वेळा घट्ट वरण, वाटीभर दही आणि त्यासोबत हा व्यायाम: खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, खाली घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा.

गाऊट खरोखर ठरलाच असेल तर कलेजी, गुर्दा, बिअर आणि साखरेची थंड पेयं सोडा. सावजी मटण महिन्यातून एखाद्या वेळी, रस्सा कमी. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की शरीरातलं पाणी घटतं आणि गाऊटचा झटका येऊ शकतो, तेव्हा लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या. एवढं करून युरिक अॅसिड साधारण एकाच अंकाने उतरतं. ९ चं ६ च्या खाली आणायला औषधच लागतं.

"आंबट सोडा." पोटातलं आम्ल संत्र्यापेक्षा कितीतरी तीव्र असतं, आणि रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो; संत्र्याने रक्त आंबट होत नाही. संत्रं सोलून खा. साखर घातलेला रस मात्र टाळा, त्यातल्या फ्रुक्टोज या साखरेमुळे युरिक अॅसिड वाढतं. टोमॅटो-वांग्याने सांधे बिघडतात याला पुरावा नाही. एखाद्याला तशी शंकाच असेल तर तीन आठवडे बंद ठेवा, मग पुन्हा खाऊन बघा. फरक नसेल तर भरीत खुशाल खा.

"हळद आणि जवस पुरेसं आहे." छोटा चमचा हळद म्हणजे ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक, जेमतेम ९० मिलिग्रॅम. गुडघ्यावरच्या बऱ्याच चाचण्यांत रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास दिलं होतं. तेवढं कॅप्सूलमधूनच मिळतं, आणि मिरीचा अर्क मिसळलेल्या कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाली आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून घेऊ नका.

जवसाची चटणी उत्तम, पण भाजून कुटलेली; अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं. त्यातलं ओमेगा-३ शरीरात फारच थोडं इपीएमध्ये बदलतं; इपीए आणि डीएचए ही माशांच्या तेलातली ओमेगा-३ आहेत. आमवातात सकाळचा ताठरपणा कमी करायला इपीए आणि डीएचए मिळून रोज ३ ग्रॅमच्या आसपास, निदान तीन महिने लागतात. साध्या हजार मिलिग्रॅमच्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये हे दोन्ही मिळून ३००च असतात. रोज एक घेऊन फरक का पडत नाही, ते यातून कळतं.

"ग्लुकोसामाइनने कूर्चा (सांध्यातली गादी) भरते." २००६ च्या अमेरिकन चाचणीत १,५८३ रुग्ण होते. रोज १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन २४ आठवडे घेऊनही एकूण रुग्णांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्याच पैशांत डाळ, दूध, अंडी आणा. वजन जास्त असेल तर ते उतरवण्यासारखा दुसरा उपाय नाही: एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो.

"गोळ्या सोडा." आमवातात सांधे पहिल्या दोन वर्षांतच झिजू लागतात, आणि झिजलेलं हाड पूर्ववत होत नाही. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

गोळ्यांच्या जागी लेबल नसलेली वाताची पुडी आली असेल आणि दोन दिवसांत दुखणं गायब झालं असेल, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा सुजणं, साखर आणि रक्तदाब वाढणं या त्याच्या खुणा. महिनाभर घेतलेली अशी पुडी एकदम बंदही करू नका, रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.