केसिंगच्या खोक्यावर क्षमतेची मर्यादा छापलीच पाहिजे

खानापूर तालुक्यातील लग्ने, यात्रा आणि गावोगावची भजने यांचे चित्रीकरण मी अनेक वर्षे करीत आलो आहे, आणि ते सारे एका जागी राहावे म्हणून गेल्या महिन्यात ३ टीबीची हार्ड डिस्क घेतली. स्टुडिओतील जुन्या यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे डिस्क आत घालून यूएसबी केबलने संगणकाला जोडण्याच्या डबीत, ती बसवली, तेव्हा संगणकाने तिची क्षमता ७४६ जीबी दाखवली. बेळगावातल्या ज्या दुकानातून ती आणली होती, तेथे डिस्कच सदोष असल्याचे मला सांगण्यात आले. डिस्क निर्दोष होती. भाच्याच्या डेस्कटॉपला साटा केबलने, म्हणजे संगणकाच्या आतल्या डिस्कच्या जोडणीने, थेट जोडताच विंडोजने २७९४ जीबी दाखवले; विंडोजच्या मोजणीने ३ टीबी म्हणजे तेवढेच. त्यातून २०४८ वजा केले की ७४६ उरतात, आणि सगळा उलगडा या वजाबाकीतच आहे.

केसिंगमध्ये यूएसबी आणि साटा यांच्यात दुभाष्याचे काम करणारी एक चिप असते. जुन्या चिप सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरील माहितीच्या ठराविक आकाराच्या लहान कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांतच सांगू शकतात. एक सेक्टर ५१२ बाइटांचा धरला, तर त्यांची पोच २०४८ जीबीपर्यंत, म्हणजे डिस्क कंपन्यांच्या मोजणीने सुमारे २.२ टीबीपर्यंतच जाते. माझ्या केसिंगने तेवढा भाग कापून उरलेला आकडा डिस्कची क्षमता म्हणून कळवला. याहून घातक प्रकार म्हणजे काही चिप पूर्ण क्षमता दाखवतात, पण मर्यादा ओलांडताच पुन्हा पहिल्या सेक्टरपासून लिहू लागतात, आणि नव्या लग्नाचे चित्रीकरण जुन्या लग्नावर चढते. केसिंगने डिस्क ओळखण्यास साफ नकार दिला असता, तर ते मला परवडले असते.

काही केसिंग सेक्टर ४०९६ बाइटांचा असल्याचे भासवून ही मर्यादा आठपट वाढवतात. तेथे फॉरमॅट केलेली डिस्क दुसरीकडे जोडली की कोरी भासते आणि विंडोज फॉरमॅट करण्याविषयी विचारते; अशा वेळी होकार न देता डिस्क मूळ केसिंगमध्येच परत घालावी.

खोक्यावर ५ जीबीपीएस हा वेग ठळक छापलेला असतो, पण किती क्षमतेची डिस्क चालेल हे अनेकदा कोठेही नसते. ग्राहकाची वर्षानुवर्षांची मेहनत ज्यावर अवलंबून आहे ती माहिती उत्पादकाने छापावी आणि विक्रेत्याने विचारून खात्री करावी, अशी माझी ठाम मागणी आहे.

नव्या केसिंगमध्ये मी आधी अडीच टीबी भरेपर्यंत फायलींच्या प्रती टाकल्या, अगदी पहिल्या फायली पुन्हा उघडून पाहिल्या, आणि मगच मूळ चित्रीकरण त्यात हलवले. जुन्या केसिंगवर ‘२ टीबीपर्यंतच’ अशी चिठ्ठी मराठीत आणि कन्नडमध्येही लावली आहे, कारण स्टुडिओत मदतीला येणारा मुलगा कन्नड शाळेत शिकलेला आहे.