'कॉपी' नावाचं गाणं म्हणणाऱ्यांना कॉपीबहाद्दर म्हणू नका

परवा घरी आलेल्या मित्राला प्लास्टिक्सचं 'टॉप सीक्रेट मॅन' ऐकवलं. अर्ध्या मिनिटात निकाल: "हे तर डीवोचं ढापलंय." डीवो म्हणजे त्या काळचा अमेरिकन न्यू वेव्ह बँड. पुढची दहा मिनिटं मी त्याचं डोकं खाल्लं. त्याचा चहा गार झाला तरी माझं समाधान झालं नाही, म्हणून आता तुमची पाळी.

प्लास्टिक्स हा टोकियोचा बँड, १९७६ मध्ये जमलेला. तोशिओ नाकानिशी इलस्ट्रेटर, हाजिमे ताचिबाना ग्राफिक डिझायनर, चिका सातो कपड्यांची स्टायलिस्ट. गाणंबजावणं हा यातल्या एकाचाही धंदा नव्हता. सगळी मौजमजा. मग त्यांना येऊन मिळाला मासाहिदे साकुमा, जो योनिनबायाशी नावाच्या चांगल्या जड प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये बेस वाजवायचा. म्हणजे बैठकीचा तयार वादक गल्लीतल्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रात येऊन बसावा तसं. इथे त्याने बेस सोडला आणि कीबोर्ड धरला.

आणि ड्रमर? नाहीच. ताकेमी शिमा नावाचा गृहस्थ रिदम बॉक्स चालवायचा. रोलंडचं सीआर-७८, १९७८ सालचं. रंगीत बटणांची पेटी, बटण दाबलं की वॉल्ट्झ, दुसरं दाबलं की बोसा नोव्हा. आपल्याकडे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावतात ना, त्याच जातकुळीतली वस्तू. तिचा ठोका ड्रमसारखा छातीत बसत नाही, टिकटिकतो. कुणीतरी शेजारच्या खोलीत काड्यापेटी वाजवतंय असं वाटतं. पण ठोका असा किरकोळ असल्यामुळेच वर भरपूर मोकळी जागा राहते. त्या जागेत ताचिबानाची तुटक गिटार, नाकानिशीचं उचकी लागल्यासारखं गाणं आणि चिकाचं ते किंचाळणं. हेडफोन लावून ऐका, प्रत्येक आवाज वेगळा सुटा दिसतो. डिझायनर माणसं पानावर पांढरी जागा सोडतात, तसं.

आता मुद्द्याचं. यांचं पहिलं सिंगल लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने १९७९ मध्ये काढलं, आणि त्या गाण्याचं नाव होतं 'कॉपी'. जपान सगळं पाश्चात्त्यांचं उचलतं, असं तेव्हा जगभर बोललं जायचं. ही मंडळी स्वतःच उठून म्हणाली, हो, इथे सगळी कॉपीच आहे, आता नाचा. पुढे मंकीज या साठच्या दशकातल्या अमेरिकन पॉप बँडचं एक गाणं घेतलं आणि त्याचं पार खेळणं करून टाकलं. आणखी एका गाण्याचं नाव 'आय लव्ह यू, ओ नो', त्यातला 'ओ नो' जॉन लेननच्या बायकोच्या, योको ओनोच्या, नावासारखा ऐकू येतो. अशा लोकांवर उचलेगिरीचा आरोप करून तुम्ही नवं काय सांगताय? मित्राला हेच म्हटलं. तो म्हणाला, "कबूल केलं म्हणून चोरी माफ होत नाही." बरोबर आहे. पण इथे कबुली हाच विनोद आहे, आणि तो चालीतच भरलेला आहे.

'वेलकम प्लास्टिक्स' आणि 'ओरिगातो प्लास्टिको' हे दोन्ही अल्बम १९८० चे. १९८१ मध्ये आयलंड रेकॉर्ड्ससाठी त्यांनी बरीचशी जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. गायिका ग्रेस जोन्सचे रेकॉर्ड करणारा ॲलेक्स सॅडकिन निर्माता, बहामाजमधला नावाजलेला स्टुडिओ. आवाज काय भरदार! आणि मला तो अजिबात आवडत नाही. काड्यापेटीचा ठोका गुबगुबीत झाला, मोकळी जागा भरून गेली. चाहते मला शिव्या घालतील, घालू देत. त्याच वर्षी बँड फुटला.

प्रभाव विचाराल तर सरळ रेघ नाही. बर्लिनच्या स्टेरिओ टोटल या बँडने 'आय लव्ह यू, ओ नो' गायलं, ते बऱ्याच जणांनी मूळ गाण्याच्या आधी ऐकलंय. नाकानिशी आणि चिका मेलॉन या बँडमध्ये गेले, पुढे नाकानिशी मेजर फोर्स या लेबलच्या संस्थापकांत होता, जपानी हिप-हॉपचं ते एक मुख्य ठाणं. ताचिबाना सॅक्सोफोन घेऊन एकट्याने रेकॉर्ड करू लागला आणि डिझाइनही करत राहिला.

पण खरी गंमत साकुमाची. पी-मॉडेल या जपानी बँडचा १९७९ चा पहिला अल्बम त्यानेच निर्माता म्हणून केला. पी-मॉडेलचा सुसुमु हिरासावा म्हणजे 'पाप्रिका' या ॲनिमे सिनेमाचा संगीतकार, ॲनिमेवाल्यांना सांगायला नको. नंतर साकुमाने बोउई (BOØWY), ब्लू हार्ट्स, ज्युडी अँड मेरी, ग्ले अशा बड्या बँडचे अल्बम केले. जपानमध्ये ज्यांची गाणी शाळकरी पोरं कॅराओकेत म्हणतात, त्यांच्यामागे हा प्लास्टिकवाला. २०१४ मध्ये तो गेला, २०१७ मध्ये नाकानिशी.

मित्र जाताना लिंक मागून गेला. मी मुद्दाम पहिल्या अल्बमची पाठवली, बहामाजवाली नाही. आज सकाळी त्याचा मेसेज: "ती काड्यापेटी डोक्यातून जात नाहीये."