स्कॅनर दिसतो, पण सापडत नाही

लिनक्सवर फ्लॅटबेड स्कॅनर जोडायचा म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं. यूएसबीच्या यादीत यंत्र नावानिशी दिसतं, ‘सेन’ या लिनक्सवरच्या मोफत स्कॅनिंग सॉफ्टवेअरची ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ ही आज्ञाही होकार देते आणि त्याच्याच ‘स्कॅनइमेज’ला विचारलं की उत्तर येतं, एकही स्कॅनर नाही! सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लावून तीच आज्ञा द्या, लगेच सापडतो. म्हणजे सगळं अडलंय कुठे, तर परवानगीपाशी. मग युडेवचा, म्हणजे जोडलेली यंत्रं हाताळणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नियम लिहा, स्वतःला स्कॅनर गटात घाला, लॉगआउट करून परत या.

हे एक वेळ सोसवतं. खरा संताप येतो तो फर्मवेअरचा, म्हणजे यंत्राला आतून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. काही स्कॅनर ते स्वतःजवळ ठेवतच नाहीत. यंत्र चालू झालं की संगणकानं ती इवलीशी फाइल त्यात भरायची. ती असते विंडोजच्या सीडीत, आणि कंपनी वाटपाची परवानगी देत नाही म्हणून सेनवाल्यांना ती सोबत देता येत नाही. आता कुठून आणायची ती सीडी? काच स्वच्छ, दिवा ठणठणीत, आणि वडिलांच्या हातची पत्रं स्कॅन व्हायची तशीच पडून. चांगलं यंत्र एका फाइलपायी भंगारात काढायचं का?

सेनच्या स्वयंसेवकांना मी बोल लावणार नाही. कित्येक मॉडेलांची माहिती कंपन्यांनी दिली नाही, तेव्हा या लोकांनी यूएसबीवरची देवाणघेवाण तपासत ड्रायव्हर लिहिले, तेही फुकट. कंपन्यांनो, विक्री बंद झालेल्या मॉडेलांचं फर्मवेअर तरी मोकळं करा. त्यात तुमचं काय जातं?